भिंतीपासून दहा पावलं

आमच्या घराच्या भिंतीपासून दहा पावलांच्या आत पाणी सांडायचं नाही, असा अप्पांचा नियम होता. अप्पा म्हणजे माझे वडील. नियम मोडला तर ते मारत नसत, ओरडतही नसत. सांडलेल्या पाण्यावर मूठभर कोरडी माती टाकायचे आणि तिथंच उकिडवे बसून ती माती पाणी पिताना बघत राहायचे. त्यापेक्षा एक थोबाडीत परवडली असती. ते घर अजून उभं आहे, पायाला धक्का लागलेला नाही. पण ते राखता राखता आमची आई गेली, आणि त्यात माझाही हात होता. हे मी आजवर कुणाला सरळ सांगितलेलं नाही.

आईला आम्ही अव्वा म्हणायचो. घरात मराठी आणि कानडी दोन्ही चालायची. गोडीगुलाबीनं बोलायचं ते मराठीत आणि भांडायचं ते कानडीत. अप्पा दुधनीच्या बाजारात तूर, भुईमूग खरेदी करून इथल्या अडतीवर आणायचे. बाजाराच्या दिवशी पहाटे गेले की तिन्हीसांजेला परत. त्या कमाईतून त्यांनी सोलापूरच्या दक्षिण अंगाला, जिथं तेव्हा शेतंच जास्त आणि घरं मोजकी होती, तिथं जागा घेतली आणि दोन खोल्या नि स्वयंपाकघर उभं केलं. भिंती दगड-मातीच्या, वर पत्रा. मागं लांबलचक परस.

जमीन काळी. ज्वारीला सोनं आणि घराला वैरी. उन्हाळ्यात ती आवळते, फाटते, भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत जातो. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि वर जे काही असेल ते उचलून धरते. खाली पक्का मुरूम लागेपर्यंत खणायचं तर पुरुषभर खोल जायला हवं होतं. अप्पांच्यानं कमरेइतकंच झालं.

"मालक, पाया उथळ हाय," पाया भरणारा म्हातारा गवंडी म्हणाला होता, "आता ह्या घराला पानी दावू नगा."

अप्पांनी ते देववाणीसारखं मनावर घेतलं. त्याला कारण होतं. ते लहान असताना त्यांच्या गावाकडचं घर असंच काळ्या रानात होतं आणि एका पावसाळ्यात ते मधोमध चिरलं. सगळं बिऱ्हाड वर्षभर दुसऱ्याच्या गोठ्यात राहिलं. म्हशींच्या शेणाचा वास अंगाला लागला म्हणून शाळेतली पोरं शेजारी बसू देत नसत, हे ते आम्हाला हसत सांगायचे. हसत सांगायचे, पण दर वेळी सांगायचे.

दर वैशाखात घराभोवतीची काळी माती हातभर खोल उकरून काढायची, तिथं मुरूम भरायचा, धुम्मस घेऊन तो ठोकून ठोकून बसवायचा आणि बाहेरच्या बाजूला उतार द्यायचा, हा आमच्या घरचा सणच होता. पत्र्याचं पाणी पायाशी पडू नये म्हणून पन्हळ लांब काढलेली. तिथून चर खणून पाणी थेट रस्त्याकडे. तुळससुद्धा फाटकापाशी, कारण तिला रोज पाणी घालावं लागतं. न्हाणी परसाच्या मध्यावर. घरात फरशी पुसायची ती फडकं घट्ट पिळून, नुसती ओलसर. शेजारच्या खालाची न्हाणी घराला लागून होती आणि तिची भिंत पोटुशी बाईसारखी पुढं आलेली होती. ती भिंत अप्पा आम्हाला धडा म्हणून दाखवायचे.

अव्वा या सगळ्याची थट्टा करायची. घराला ती सवत म्हणायची.

"माज्या आदी हिलाच कुंकू लावलं असतं की तुमी," मुरमाची पाटी उचलता उचलता ती म्हणायची, "माजं लुगडं फाटलंय ते दिसत न्हाय, हिच्या पायाची भेग बरी दिसती."

अप्पा खाली मान घालून ठोकत राहायचे, पण कान लाल व्हायचे. त्यांना ती थट्टा आवडायची असं मला वाटतं. तेव्हा त्या दोघांत वाईट काही नव्हतं, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. पुढचं वाचून कुणी त्यांना राक्षस ठरवू नये.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. नळाला पाणी येईना, आलं तर करंगळीएवढी धार. अव्वा लांबच्या विहिरीवरून डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी अशा खेपा घालायची. मी तेरा वर्षांची, एक घागर मीही आणायचे. परसातली जमीन अशी फाटली की कोंबडीचं पिल्लू भेगेत पडलं तर काढता येईना. त्या वर्षी अव्वाचे गुडघे गेले. बसली की उठता यायचं नाही, भिंतीला हात लावून उठायची. वय चाळिशीच्या आतलं.

पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. लोक आनंदात, आणि अप्पांचा जीव टांगणीला. रोज सकाळी भिंतींवरून हात फिरवत घराला फेरी मारायचे. श्रावणात स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला तडा दिसला. खिडकीच्या कोपऱ्यातून निघून खाली जोत्यापर्यंत आलेला, केसाएवढा. अप्पांनी जुन्या कॅलेंडरचा कागद कापून त्याच्या पट्ट्या पिठाच्या खळीनं तड्यावर आडव्या चिकटवल्या. पट्टी फाटली म्हणजे तडा वाढतोय. चौथ्या दिवशी एक पट्टी फाटली. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

"हितं पानी कुटनं येतंय?" एवढंच म्हणत राहिले.

मला ठाऊक होतं. म्हणजे मला वाटत होतं की मला ठाऊक आहे. गुडघे दुखायला लागल्यापासून अव्वा दुपारी भांडी घेऊन न्हाणीपर्यंत जात नव्हती. अप्पा नसले की मागच्या दारातच बसून घासायची आणि खरकटं पाणी पायरीवरून खाली सोडायची. वर राख टाकून ठेवायची. मला म्हणाली होती, "बोलू नगंस हां." मी मान हलवली होती.

आणि मी बोलले. तिच्यावर राग होता म्हणून नव्हे. अप्पांचं ते न जेवणं मला बघवेना, आणि खरं सांगायचं तर, मला शहाणी ठरायचं होतं. शाळेत उत्तर येत असलं की हात वर केल्याशिवाय मला राहवत नसे, तशातलंच. "अव्वा तिथं भांडी घासती," मी म्हणाले. तिच्या समोर नाही. ती फाटकापाशी तुळशीला पाणी घालत होती.

 दुसऱ्या दिवशी अप्पांनी मागच्या दाराची पायरी फोडून काढली, तिथं बसायला जागाच ठेवली नाही. आणि परसाच्या मध्यावरची न्हाणी मोडून पार शेवटच्या कोपऱ्यात नेली, उताराच्या टोकाला, बाभळीच्या कुंपणापाशी. दहा पावलं नाही, चाळीसच्या वर भरत होती. अव्वा दारात उभी राहून बघत होती. मग माझ्याकडे बघितलं. कुणी सांगितलं हे तिला कळलं होतं. तिनं मला कधीच विचारलं नाही. विचारलं असतं तर मी रडून मोकळी झाले असते.

खाला कुंपणावरून म्हणाली, "कायकू इत्ता चलते जी? मेरेकने न्हाव ना." अव्वा हसून नको म्हणाली. स्वतःचं घर असताना शेजारी न्हायला जायचं म्हणजे नवऱ्याची अब्रू वेशीवर टांगायची. तशातली ती नव्हती.

काळ्या मातीचा चिखल ज्यानं तुडवला नाही त्याला चाळीस पावलं म्हणजे काय ते कळणार नाही. एकेका पावलाला शेरभर माती तळव्याला चिकटते. पाय उचलावा तर चप्पल तिथंच राहते, अनवाणी जावं तर घसरतं. चूल घरात, न्हाणी तिकडे. गरम पाण्याची बादली तेवढं अंतर न्यायची. भांडी न्यायची, आणायची. धुणं न्यायचं, आणायचं. अव्वा बारीक पावलं टाकत, एक हात हवेत धरून जायची. तिथं धरायला भिंत नव्हती.

अप्पांना दिसत नव्हतं असं नाही. पुढच्या वैशाखात त्यांनी शहाबादी फरशीचे तुकडे आणले, बैलगाडी भरून. "ह्यातनं न्हाणीपतुर वाट करू," म्हणाले. अव्वा खूष झाली. त्या दिवशी तिनं पुरणपोळ्या केल्या, सण नसताना. आधी घराभोवतीच्या मुरमावर फरशी बसवायला घेतली, कारण तडा मागच्याच भिंतीला होता. एक बाजू झाली, दुसरी झाली. चौथ्या बाजूला फरशी संपत आली तेव्हा अप्पा उभे राहून ढिगाकडे बघत राहिले. मी तुकडे उचलून देत होते.

"वाट म्होरल्या वर्षी," ते म्हणाले. "आदी घर."

"व्हय की," अव्वा म्हणाली. "वाट काय, पळून जाती व्हय?" आणि आत गेली. मी पुढचा तुकडा उचलून दिला. चौथी बाजू पुरी झाली आणि घर पायात चांदीचे तोडे घातल्यासारखं दिसायला लागलं.

आमच्याकडे खरा पाऊस हस्ताचा. चार महिने हुलकावण्या देऊन तो नवरात्राच्या तोंडावर असा कोसळतो की वर्षाची सगळी बाकी एका आठवड्यात फेडतो. त्या वर्षी तीन दिवस लागून राहिला. चौथ्या दिवशी सकाळी उघडीप मिळाली. अप्पा दुधनीला गेलेले. अव्वाला तीन दिवसांत अंघोळ नव्हती आणि घट बसायचे होते.

"बादली तू घे," ती मला म्हणाली. "माजं मला चालूंदे."

मी पुढे, बादली घेऊन. ती मागे. मला घाई होती, शाळेची वेळ होत होती. निम्म्या वाटेत मागून थप्प असा आवाज आला, ओल्या मातीत पोतं टाकल्यासारखा. ओरडली नाही ती. मी वळले तेव्हा ती एका कुशीवर पडलेली, एक पाय भलत्याच बाजूला. आणि आधी काय म्हणाली, तर, "बादली सांडली का गं?"

नाही सांडली, मी म्हणाले. आणि मग मी ती बादली तिथंच फेकून दिली.

खाला आणि तिचा मुलगा धावत आले. तिघांनी मिळून तिला दाराच्या फळीवर घालून नेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात पायाला वजनं बांधून महिनाभर ठेवली, मग घरी पाठवली. डॉक्टर म्हणाले, आता उठणं अवघड आहे. पाठ स्वच्छ ठेवा, रोज पाण्यानं धुवा, जखमा होऊ देऊ नका.

अप्पांनी तिची बाज स्वयंपाकघरातच टाकली, ऊब मिळावी म्हणून. मागच्या भिंतीशेजारी. दुसऱ्या दिवशी पहार आणली आणि म्हणाले, "हितली फरशी काडतो. हितंच न्हाणी करतो तुला. हातरुणावरनं सरकलीस की झालं."

"ब्याड," अव्वा म्हणाली. नको.

"अगं, डाक्टरनं सांगितलंय की."

"घरात पानी वतायचं न्हाय. तुमचा पाया हाय."

अप्पांनी खूप सांगितलं. मराठीत सांगितलं, कानडीत सांगितलं, शेवटी हात जोडले. पालथ्या घड्यावर पाणी. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. फडकं ओलं करून, घट्ट पिळून तिचं अंग पुसायचं, फरशी पुसतो तसं, एवढंच ती चालवून घ्यायची. एकदा अप्पा नसताना मी बळेच तांब्याभर कोमट पाणी तिच्या पाठीवर ओतायला गेले. तिनं माझं मनगट असं धरलं की तांब्या खाली ठेवावा लागला.

"आता तू लपवून करतीस व्हय?" ती म्हणाली.

रागानं नाही म्हणाली. पण मला त्यातून जे ऐकू यायचं होतं ते आलं. ती रुसली होती, की आमच्यावर सूड घेत होती, की खरंच ज्या घरासाठी एवढं सोसलं ते आता आपल्यापायी जाऊ नये असं तिला वाटत होतं, हे मी पन्नास वर्षं स्वतःला विचारते आहे. कधी एक उत्तर येतं, कधी दुसरं. तिसरं येतं तेव्हा मला झोप लागत नाही.

पाठीला जखमा झाल्या. त्यांना वास यायला लागला. मी उदबत्त्या लावायचे, ती म्हणायची, नको लावू, धूर होतो. ताप चढायचा, उतरायचा. संक्रांत झाली. संक्रांतीला सोलापुरात भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेतून खालानं तिच्यासाठी बांगड्या आणल्या, त्या हातातून गळून पडायला लागल्या इतकी ती वाळली होती. जत्रा उठली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, अप्पा तिला पेज भरवत असताना, तिनं दोन घोट घेतले आणि तिसरा घेतला नाही.

आमच्यात माणसाला बसवून नेतात. आधी अंघोळ, मग अंगाला विभूती, मग भिंतीला टेकवून बसवायचं, तोवर विधी करायला जंगम येतो. बायका जमल्या आणि तिला उचलून परसात न्यायला लागल्या. परस तेव्हा कोरडं होतं, वाट चांगली होती. अप्पा मध्ये उभे राहिले.

"भाईर न्हाय," ते म्हणाले. "हितं."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आमच्या घराचा नियम सगळ्या आळीला ठाऊक होता. अप्पा स्वतः हंडे भरून आणायला लागले. चुलीवर पाणी तापवलं, बोट बुडवून बघितलं, फार कढत होऊ नये म्हणून गार मिसळलं. चार महिन्यांत तिच्या अंगावर पहिल्यांदा पाणी पडलं. ते फरशीवरून वाहत भिंतीपाशी गेलं आणि फटीतून खाली उतरलं. अप्पांनी माती टाकली नाही. नवी खेप आणायला गेले. मग तिला पुसून, हिरवं लुगडं नेसवून, त्याच भिंतीला टेकवून बसवलं. मला वाटलं मी वेडी होईन.

वैशाख आला. अप्पांनी कुदळ काढली नाही, मुरूम आणला नाही. त्याऐवजी पाया भरणाऱ्या त्याच म्हाताऱ्या गवंड्याला बोलावलं आणि म्हणाले, सैपाकघरात न्हाणी करायची, पोरगी मोठी झाली, तिला एवढ्या लांब जायला नको. गवंडी आला, भिंत ठोकून बघितली. तड्यावरच्या पट्ट्या अजून तशाच होत्या, पिवळ्या पडलेल्या. एक सोडून बाकी सगळ्या शाबूत.

"ही भेग कवाची?" त्यानं विचारलं.

अप्पांनी सांगितलं. दुष्काळानंतरच्या श्रावणातली. आणि मग, माझ्याकडे न बघता, हेही सांगितलं की मागच्या दारात भांड्याचं पाणी सांडायचं, त्यानं झाली.

"छ्या," गवंडी म्हणाला. "भांड्याच्या पान्यानं कुटं भेग पडती व्हय मालक? लई वाळलेली जमीन एकदम भिजली, म्हनून पडली. त्या साली निम्म्या सोलापुरात अशा भेगा पडल्या की. पडली आनि थांबली, बगा. पुन्ना वाडली का? न्हाय वाडली."

अप्पा म्हणाले, "असं व्हय." आणि चुना कालवायला बसले. पुष्कळ वेळ कालवत राहिले. गवंडी म्हणाला, बास झाला मालक, तेव्हा थांबले.

मी पळाले. परसाच्या टोकाला जाऊन त्या रिकाम्या न्हाणीत बसले. अप्पा थोड्या वेळानं आले, बाहेर उभे राहिले.

"तू ल्हान हुतीस," ते म्हणाले. "फरशी मी लावली."

 त्यांना दिलासा द्यायला हवा होता, एवढं कळण्याइतकी मी मोठी होते, पण माझ्याच्यानं झालं नाही.

आठ दिवसांनी न्हाणी तयार झाली. चुलीपासून तीन पावलांवर, भिंतीला लागून, वर छोटी खिडकी. अप्पांनी पाणी तापवून आत नेऊन ठेवलं आणि मला म्हणाले, जा. मी कडी लावली. पहिला तांब्या अंगावर घेतला आणि मला इतकं रडू फुटलं की तोंडात परकराचा बोळा घालावा लागला. अप्पांना ऐकू जाऊ नये म्हणून मी भराभरा पाणी ओतायला लागले, मोठा आवाज होईल असं, फरशीवर, भिंतीवर, कुठंही. बादली संपली. तांब्या तळाला खडखडला आणि मी तशीच श्वास रोखून बसले.

बाहेर ते उभे होते. दाराच्या फटीतून त्यांची सावली दिसत होती. दाराला हलकेच हात लागला.

"दार किलकिलं कर," ते म्हणाले. "दुसरी बादली आनलीय. वत तू."